आवाज आपापल्या कानापुरता

पोलाद कारखान्याच्या गावात घड्याळ एकच असले तरी दिवस तीन असतात. पहिल्या पाळीचा माणूस उजाडण्याआधी घर सोडतो, दुसऱ्या पाळीचा रात्री उशिरा जेवायला बसतो आणि तिसऱ्या पाळीचा, शेजारीपाजारी पोहे खात असताना, खिडक्यांचे पडदे ओढून अंथरुणावर पडतो. झोतभट्टी म्हणजे काही घरची चूल नव्हे, की रात्री झाकपाक झाली आणि विझवली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि तेव्हापासून या गावात दुपारी दोन वाजताही कोणाच्या तरी घरी मध्यरात्र असते. आमच्या घरी ती माझ्या धाकट्या भावाची असते.

बाबा १९७० साली वर्ध्याहून येथे आले, कारखान्याच्या लेखा विभागात रुजू झाले आणि २००७ साली निवृत्त झाले. धाकटा भाऊ त्याच कारखान्यात, पण पाळीच्या कामावर, मी बँकेत. सेक्टरमधले क्वार्टर सोडून आम्ही स्वतःचे लहानसे घर बांधले. बांधताना देवघर कोणत्या दिशेला असावे यावर महिनाभर खल केला. पण बैठकीची खोली आणि भावाची झोपण्याची खोली यांच्यामध्ये केवळ साडेचार इंची भिंत राहील, हे कोणाच्याच ध्यानी आले नाही.

बाबांना ऐकू कमी येऊ लागले तशी दूरदर्शन संचाच्या पडद्यावरील आवाजाची पट्टी हळूहळू उजवीकडे सरकू लागली. वीसवरची तीसवर आणि तीसवरची पंचेचाळीसवर गेली. एका दुपारी रात्रपाळी करून आलेला भाऊ उठून बाहेर आला, एक शब्दही न बोलता त्याने आवाज कमी केला आणि परत जाऊन झोपला. बाबांनीही काही न बोलता संच बंद केला. दुसऱ्या दिवसापासून दुपारी संच लागेनासा झाला. संध्याकाळच्या बातम्या गेल्या, रविवारची नाट्यगीते गेली. विचारले तर म्हणत, "हल्ली काही चांगले नसतेच." आवाजावरून भांडणारी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यांची मला चिंता वाटत नाही. आमच्या घरात भांडण न होता आवाज बंद झाला, याची मात्र वाटली.

उपाय उघड होता. हेडफोन आणावा. बाबा त्यांच्या कानात ऐकतील, भाऊ त्याच्या खोलीत झोपेल. वाचकहो, हा उपाय अमलात आणताना मी ज्या चुका केल्या, त्या आपण करू नयेत म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिली चूक मी एका रात्री, आडवे पडून, मोबाइलवर केली. मध्यम किंमत म्हणजे माझ्या हिशेबी तीन ते आठ हजार रुपये. हजाराच्या आतील वस्तूत गाद्या आणि वायर दोन्ही तकलादू असतात, आणि दहा हजारांच्या पुढे पैसा ज्या वेगाने वाढतो त्या वेगाने कानाला पडणारा फरक वाढत नाही, असे माझे मत आहे. तेव्हा सहा हजारांचा, बिनतारी, भरघोस खर्ज असल्याची ग्वाही देणारा एक हेडफोन मी मागविला. चार दिवसांत तो घरी आला आणि पाचव्या दिवशी बाबांनी तो काढून ठेवला.

त्यांची पहिली तक्रार अशी, की बाई आधी ओठ हलवते आणि मग बोलते. मला वाटले, वयोमानाने असे वाटत असेल. मी स्वतः लावून पाहिला तर तक्रार शंभर टक्के खरी. ब्लूटूथवरून ध्वनी पाठविताना तो आधी आकुंचित केला जातो, मग पाठविला जातो, मग हेडफोनमध्ये पुन्हा उलगडला जातो. या सोपस्कारांत नेहमीच्या पद्धतीने पाव सेकंदापर्यंतचा विलंब लागू शकतो. गाणे ऐकताना त्याने काही बिघडत नाही, कारण गाण्याबरोबर ओठ दिसत नसतात. नाटक, चित्रपट आणि बातम्या मात्र त्याने विटतात. आणि ज्याला कमी ऐकू येते तो माणूस, स्वतःच्याही नकळत, बोलणाऱ्याचे ओठ वाचत असतो. त्याच्या दृष्टीने तर हा विलंब म्हणजे चालत्या माणसाची काठी काढून घेण्यासारखे.

दुसरी तक्रार बटणांविषयी. बटणे नव्हतीच. उजव्या कानाच्या वाटीवर बोट वर फिरविले की आवाज वाढे, खाली फिरविले की कमी होई आणि दोनदा टकटक केली की फोन उचलला जाई. बाबा कान खाजवायला गेले की बातम्या बंद पडत. तिसरी तक्रार सर्वांत महत्त्वाची होती आणि ती मला समजायला महिना लागला. बाबा म्हणाले, "आवाज भरपूर येतो रे, पण शब्द येत नाहीत."

या एका वाक्यामुळे मी त्यांना घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. काचेच्या बंद खोलीत बसवून, कानावर हेडफोन देऊन, २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंतचे निरनिराळे स्वर किती क्षीण असताना ऐकू येतात ते तपासतात आणि त्याचा आलेख काढतात. आवडलेला पहिला हेडफोन तो, असे बाबा नंतर सांगत, कारण त्यात कोणी बोलत नव्हते! आलेखाची रेघ डावीकडे ठीक होती आणि उजवीकडे, म्हणजे उंच स्वरांकडे, उतारावरून घसरावी तशी खाली गेली होती. वयाचा परिणाम, असे डॉक्टरांनी सांगितले. वय झाले की उंच स्वर आधी जातात. मोठ्या आवाजाने झालेली इजाही बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास प्रथम दिसते.

डॉक्टरांनी पुढे जे समजावून दिले, ते आम्हां बँकवाल्यांनी कान देऊन ऐकण्यासारखे आहे. बोलण्यातील जोर असतो स्वरांत, म्हणजे आ, ओ, ऊ यांत, आणि ते खालच्या पट्टीत असतात. बोलण्यातील अर्थ मात्र बव्हंशी व्यंजने वाहतात, आणि स, श, फ, थ यांसारखी व्यंजने उंच स्वरांत असतात व मुळात क्षीणही असतात. ज्याचे उंच स्वर गेले आहेत त्याला 'साठ', 'सात' आणि 'आठ' या तिन्हींतला 'आ' तेवढा ठणठणीत ऐकू येतो. आपण आवाज वाढविला की तो 'आ'च आणखी मोठा होतो. निवृत्तिवेतन घ्यायला आलेल्या वृद्ध ग्राहकांशी मी किती वर्षे काउंटरवरून ओरडून बोलत होतो, ते त्या दिवशी आठवले आणि मनातल्या मनात खजील झालो. आता मी आवाज चढवीत नाही. समोर पाहून सावकाश बोलतो आणि आकडा कागदावर लिहून पुढे करतो.

श्रवणयंत्र घ्यावे, असा डॉक्टरांचा सल्ला होता. बाबांनी तो 'विचार करू' या सरकारी शेऱ्यानिशी दाखल करून घेतला. तोवर दूरदर्शनसाठी हेडफोन वापरायला हरकत नाही, पण खर्ज फुगविलेला नको, बोलणे स्पष्ट करणारा हवा आणि आवाजाला मर्यादा हवी, असे त्यांनी बजावले. माझ्या सहा हजारी हेडफोनमधील भरघोस खर्ज बाबांच्या शिल्लक राहिलेल्या व्यंजनांवर गोधडीसारखा पांघरला गेला होता.

येथे थोडे विषयांतर करतो. ही वस्तू जन्माला आली तीच मुळी घरात. १९१० च्या सुमारास अमेरिकेतील यूटा राज्यात नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थांनी आपल्या स्वयंपाकघरातील टेबलावर हेडफोन बनवून तेथील नौदलाकडे पाठविले आणि ते बिनतारी संदेश ऐकण्यासाठी स्वीकारले गेले. १९५८ साली जॉन कॉस यांनी दोन्ही कानांना वेगवेगळा ध्वनी देणारा स्टिरिओ हेडफोन संगीतप्रेमींसाठी आणला. १९६८ साली जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने एचडी ४१४ हा, पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा, मागून उघडा असलेला हलका हेडफोन काढला. आणि १९७९ च्या सोनी वॉकमनच्या पहिल्या संचाला हेडफोन जोडण्यासाठी दोन छिद्रे होती, हे मला फार सूचक वाटते. एकट्याने ऐकण्याचे यंत्र बनविणाऱ्यांनाही आरंभी वाटले होते, की शेजारी कोणीतरी ऐकायला असेलच.

असो. दुसऱ्या खरेदीच्या वेळी मी शहाणा झालो होतो. आधी घरातल्या घरात चौकशी केली: कोण ऐकणार, काय ऐकणार, कोठे बसून ऐकणार आणि त्या वेळी बाकीचे काय करणार?

'कोठे बसून' या प्रश्नातून पहिला निर्णय झाला. हेडफोनच्या वाट्या मागून उघड्या असतात किंवा बंद असतात. उघड्या वाट्यांतून ध्वनी मोकळा व नैसर्गिक वाटतो, कान तापत नाहीत; परंतु आतले बाहेर आणि बाहेरचे आत जाते. एकट्या राहणाऱ्या, शांत खोलीत गाणे ऐकणाऱ्या रसिकाने खुशाल उघडा घ्यावा. आमच्या साडेचार इंची भिंतीला तो परवडणारा नव्हता. शिवाय भिलाईचा उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि बैठकीत कूलर घरघरत असतो. कूलरवर मात करण्यासाठी माणूस आवाज वाढवितो आणि आपण किती वाढविला हे त्याला कळत नाही. बंद वाट्यांचा हेडफोन बाहेरचा गोंगाट थोपवितो, म्हणून आतला आवाज कमी ठेवता येतो. गोंगाट रद्द करणारी जी इलेक्ट्रॉनिक सोय अलीकडे मिळते, ती अशा एकसुरी, खालच्या पट्टीतील घरघरीवर चांगली चालते. नातवंडांचा गलका किंवा कुकरची शिट्टी यांवर तिची मात्रा फारशी लागू पडत नाही. पाच हजारांत ती सोय आणि चांगला ध्वनी दोन्ही मिळणे कठीण. मी ध्वनी निवडला.

बंद वाट्यांचा दोष म्हणजे घाम. रेक्झिनसारख्या कृत्रिम चामड्याच्या गाद्या दोन उन्हाळ्यांत सोलपटतात आणि त्यांचे काळे पापुद्रे कानावर चिकटतात. आपल्याकडे त्यात खोबरेल तेलाची भर पडते, ज्याचा विचार जपान-जर्मनीतील अभियंत्यांनी केला असेल असे वाटत नाही. म्हणून गाद्या बदलता येतात का आणि सुट्या मिळतात का, हे आधीच विचारून ठेवावे. कानात खुपसायची बोंडे बाबांनी ऐकूनच नाकारली. कानावर टेकणाऱ्या लहान गाद्या अर्ध्या तासाने टोचू लागतात. संपूर्ण कान आत सामावून घेणारी वाटीच हवी, आणि वजन अडीचशे ग्रॅमच्या वर नको.

मग मी बाबांनाच बरोबर घेऊन सुपेला बाजार आणि सिव्हिक सेंटर अशी पायपीट केली. बऱ्याच दुकानांत खोके फोडू देत नाहीत. एका तरुण दुकानदाराने मात्र, "बाबूजी, आराम से सुनिए," म्हणून खुर्ची दिली आणि नमुन्याचे चार हेडफोन समोर मांडले. आपण पैसे कानांसाठी मोजतो, डोळ्यांसाठी नाही. म्हणून ऐकू देणाऱ्या दुकानात दोनचारशे रुपये अधिक गेले तरी ते मी खर्चात धरत नाही.

खोक्यावर काय छापले आहे ते वाचून बाबा हसले. चारही खोक्यांवर २० ते २०,००० हर्ट्झ. निरोगी तरुण कानाची मर्यादाच तेवढी आहे, आणि चारशे रुपयांच्या हेडफोनवरही तोच आकडा छापलेला असतो. प्रत्यक्षात आपले गाणे असते कोठे? काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य सप्तकातील सा सुमारे १३९ हर्ट्झचा. त्याचा खर्जाचा सा त्याच्या निम्मा, सत्तरच्या आसपास. २० हर्ट्झपर्यंत खाली जाणारे यंत्र घेऊन ख्याल ऐकणाऱ्याला काय करायचे आहे? आकड्यांपैकी कामाचा एकच, तो म्हणजे ओहममध्ये दिलेला विद्युत्‌रोध. सोळा ते चाळीसपर्यंत असेल तर मोबाइल किंवा दूरदर्शन संच त्याला सहज चालवू शकतो. अडीचशे ओहमचे हेडफोन वेगळ्या ॲम्प्लिफायरशिवाय पुटपुटतात.

परीक्षेसाठी बाबांनी आपल्या मोबाइलमध्ये तीन गोष्टी नेल्या होत्या. पहिली, नुसता तानपुरा. तानपुऱ्यात चार तारांचे स्वर वेगळे ऐकू येऊन त्यांच्यावर जी गुंजन करणारी झिलई असते, ती ज्या हेडफोनमध्ये नुसती 'घूं' अशी होते तो बाद. दुसरी, बातम्यांचे दोन मिनिटांचे वाचन. येथे बाबा डोळे मिटून प्रत्येक आकडा मोठ्याने उच्चारीत आणि मी बरोबर की चूक ते सांगे. दुकानात बघ्यांची छोटी गर्दी जमली होती. तिसरी होती तीजनबाईंची पंडवानी. भिलाईजवळच्या गनियारीच्या या गायिकेने, स्त्रियांनी बसून गाण्याचा रिवाज मोडून, उभे राहून कापालिक शैलीत महाभारत गायिले. भिलाई पोलाद कारखान्यात त्या नोकरीलाही होत्या आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पंडवानी परीक्षेला उत्तम, कारण कथा सांगता सांगता आवाज एकाएकी गर्जनेपर्यंत चढतो. मागे खंजिरी, तबला, हार्मोनियम. हलक्या हेडफोनमध्ये गर्जना आली की सगळे एकत्र कालवले जाते. चांगल्यात भीमही दिसतो आणि तबलाही.

एक हेडफोन तानपुऱ्यात पहिला आला, पण पंधरा मिनिटांनी बाबा चष्मा चाचपू लागले. पकड घट्ट होती आणि चष्म्याची काडी कानामागे रुतत होती. उलट पकड सैल असली की त्याच काडीच्या फटीतून खर्ज निसटून जातो. चष्मेवाल्यांनी हेडफोन चष्म्यासकट, किमान एक बातमीपत्र संपेपर्यंत डोक्यावर ठेवून पाहावा. दोन मिनिटांत सगळेच मऊ लागतात.

निवड झाली ती एका साध्या, काळ्या, तारेच्या हेडफोनची. कंपनीचे नाव सांगत नाही. आपले मासिक काही जाहिरातपत्रक नव्हे, आणि माझ्या बाबांचे कान आपल्याला नाहीत. तो दिसायला वीस वर्षांपूर्वीचा वाटतो, याची मात्र खंत नको. सोनीचा एमडीआर-७५०६ हा हेडफोन १९९१ पासून ध्वनिमुद्रण कक्षांतून वापरात आहे आणि त्याच्या रूपात जवळजवळ काहीही बदललेले नाही. मोबाइल दरवर्षी जुना होतो, कान होत नाहीत.

पैसे देताना दुकानदाराने विनाखर्च हप्त्यांची सोय सुचविली. बँकेत नोकरी करणाऱ्याने कर्जाला नको म्हणावे हे शोभत नाही, तरी सांगतो. अशा योजनेत व्याज नाहीसे होत नाही. बहुधा रोखीने घेणाऱ्याला मिळू शकणारी सूट त्याच्या जागी कापली जाते, आणि कार्डावरील त्या व्याजावर वस्तू व सेवा कर लागतो तो वेगळाच. 'शून्य टक्के व्याज' या कल्पनेला रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच आक्षेप घेतला होता. पाच हजारांच्या वस्तूसाठी हप्ते बांधण्यापेक्षा दोन महिने थांबणे बरे. बाबांनी आपल्या निवृत्तिवेतनातून, आपल्या हाताने, कोड टिपून पैसे भरले. बिल मात्र मागून घ्यावे. करक्रमांक, खरेदीची तारीख आणि मॉडेल त्यावर असले तरच हमीला अर्थ. खोक्यावर आयातदाराचा पत्ता आणि कमाल किंमत छापलेली आहे ना, हेही पाहावे. पुढेमागे दाद मागायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

घरी आल्यावर एक नवीच अडचण. हेडफोन संचाला जोडला की संचाचा स्वतःचा आवाज बंद. भावाची झोप साधली, पण आई मालिका बघायला येऊन बसली की तिला मूकपट. काही संचांत दोन्ही आवाज चालू ठेवण्याची सोय असते, आमच्यात नव्हती. हल्लीच्या कित्येक संचांना तर हेडफोनचे छिद्रच नसते. घेण्याआधी संचाची पाठ एकदा पाहून घ्यावी. शेवटी सेट-टॉप बॉक्सच्या मागील लाल-पांढऱ्या छिद्रांतून वेगळी तार काढली. त्या छिद्रांतून येणारा ध्वनी हेडफोन चालविण्यास दुबळा पडतो, म्हणून मध्ये एक लहानसा ॲम्प्लिफायर बसविला. त्याला आवाजाचे गोल, मोठे, हाताला लागणारे बटण आहे. या बटणावर बाबा बेहद्द खूश आहेत. आता आई संचाचा आवाज तिच्या रिमोटने ठेवते, बाबा आपला आवाज आपल्या बटणाने. दोघे शेजारी बसून एकच मालिका दोन आवाजांत पाहतात. तीन मीटरची तार जमिनीवरून न नेता भिंतीच्या कडेने खिळ्यांच्या पट्टीत बसविली. म्हाताऱ्या माणसाचा पाय तारेत अडकणे हा ध्वनिशास्त्राचा नव्हे, हाडांचा प्रश्न आहे.

त्या गोल बटणावर मी पांढऱ्या रंगाची एक खूण केली आहे. तिच्यापुढे जायचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाबरोबर जे मानक प्रसिद्ध केले, त्यात प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, ही मर्यादा धरली आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की मुभा निम्मी होते. ९० डेसिबलला ती आठवड्याला जेमतेम चार तास उरते. तुलनेसाठी सांगतो, आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. म्हणजे कारखान्यात कानांना टोप्या लावणारा तरुण घरी येऊन हेडफोनवर तेवढाच आवाज स्वतः होऊन लावून घेऊ शकतो! घरी डेसिबल मोजायला कोणी बसत नाही, त्याला सोपा तोडगा आहे. मोबाइलवर साठ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, आणि हातभर अंतरावरून कोणी साध्या आवाजात बोलले व ते मुळीच ऐकू आले नाही, तर आवाज जास्त आहे असे समजावे. माझ्या मुलीला प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी दिवसातून पाच-सहा तास व्याख्याने ऐकायची असतात. तिला मी हा हिशेब मांडून दाखविला, तेव्हा प्रथमच गणिताच्या बाबतीत तिने माझे ऐकले. पहिला सहा हजारी हेडफोन सध्या तिच्याकडे आहे. व्याख्यात्याचे ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, याचे तिला काही वाटत नाही.

ज्यांच्या दोन कानांत फरक आहे त्यांच्यासाठी आणखी एक. मोबाइलच्या सुगम्यता या विभागात दोन्ही कानांना एकच ध्वनी देण्याची आणि डाव्या-उजव्या कानाचा तोल बदलण्याची सोय असते. ती न वापरल्यास दुबळ्या कानाकडे आलेले वाद्य अर्धेमुर्धे हरवते. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी हेडफोन यंत्रावरूनच लावून पाहावा. वाटी लहान असेल तर यंत्र शिट्टी मारते. बाबांच्या बाबतीत तो प्रयोग अजून बाकी आहे. फाइल 'विचाराधीन' आहे, पण मागच्या आठवड्यात त्यांनी आपण होऊन यंत्राची किंमत विचारली, एवढी प्रगती.

भावाची झोप? तिच्याविषयी सांगायचे राहिलेच. पहिला आठवडा तो गाढ झोपला. दुसऱ्या आठवड्यात रात्रपाळीनंतरच्या एका दुपारी तो पुन्हा डोळे चोळीत बाहेर आला. संच मुका होता, कूलर घरघरत होता आणि खुर्चीत बाबा, कानांवर दोन काळ्या वाट्या, डोळे मिटलेले, हाताने मांडीवर ताल धरून, नाट्यगीताच्या तानेमागे आपली तान सोडीत होते. बरीच वरच्या पट्टीत, कारण हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. भाऊ थोडा वेळ दाराशी उभा राहिला. मग स्वयंपाकघरात जाऊन त्याने दोन कप चहा टाकला.